अक्षर एकाचं, सही दुसऱ्याची...

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारचा चहा टाकला होता, एवढ्यात बेल वाजली. दारात वन्संचा नातू! इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डोंबिवलीहून विठ्ठलवाडीला सणासुदीशिवाय कोणी फिरकत नाही, त्यामुळे आधी पोटात धस्स झालं. पण पठ्ठ्या हसत होता. "मामीआजी, तुझ्याकडे एक काम आहे," म्हणाला. मला बरं वाटलं. या वयात आपल्याकडे कोणाचं काम असणं हीसुद्धा एक चैनच!

सॅकमधून तीन कागद निघाले. त्याला अमेरिकेत एम.एस. करायचंय आणि त्यासाठी तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. हल्लीची मुलं त्याला 'एलओआर' म्हणतात. मी चष्मा लावला. मराठी माध्यमातली बी.ए. मी, इंग्रजी बेताचं, पण सावकाश वाचलं तर कळतं. पहिल्या पत्रातले प्राध्यापक म्हणत होते की गेल्या दहा वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही. दुसऱ्यातले त्याला वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांत बसवत होते. तिसऱ्या पत्रात नेतृत्वगुण होते.

"अरे वा! सरांनी छान लिहिलंय की."

"सरांनी कुठे? मीच लिहिलंय. सर म्हणाले, तू लिहून आण, मी सही करतो. थोडं मी लिहिलं, थोडं मोबाईलकडून लिहून घेतलं. तू फक्त एवढंच बघ, की तिन्ही पत्रं वेगवेगळ्या माणसांची वाटतात का. तू निबंध तपासायचीस ना? कोणी कोणाचं उतरवलंय ते तुला लगेच कळायचं, असं बाबा सांगतात."

मंडळी, तेहेतीस वर्षं मी वह्या तपासल्या. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात साठ पोरांच्या घरी एकच मोती नावाचा कुत्रा कसा असतो, हे मला पाचवीच्या वर्गात कळायचं. आता उतारा पकडला जाऊ नये म्हणून माझीच मदत! त्या गडबडीत गॅसवरचा चहा उतू गेला.

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "अगं, सगळेच असं करतात." खोटं नव्हतं ते. नंतर मी चार ठिकाणी चौकशी केली. खरंच सगळेच करतात. परदेशी पाठवणारे सल्लागार तर पैसे घेऊन लिहून देतात म्हणे, अर्ज, निबंध आणि शिफारसपत्रं, सगळं एकाच थाळीत. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. आमच्या घरातल्या काही जणांना पुढचं आवडणार नाही, याची कल्पना आहे. तरी लिहिते.

माझं म्हणणं सरळ आहे. शिफारसपत्र म्हणजे साक्ष. साक्षीदारानं जे डोळ्यांनी पाहिलं ते त्यानं सांगायचं. कोर्टात फिर्यादीनंच साक्षीदाराची जबानी लिहून आणली आणि साक्षीदारानं न वाचता अंगठा उठवला, तर त्याला आपण काय म्हणतो? खोटी साक्ष! मग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तेच झालं की त्याला 'प्रोसिजर' का म्हणायचं?

आणि गंमत बघा. अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला. विद्यार्थ्याला स्वतःबद्दलचे शिक्षणसंस्थेतले कागद पाहण्याचा हक्क त्यानं मिळाला. पण शिफारसपत्राच्या बाबतीत विद्यार्थी तो हक्क आपण होऊन सोडू शकतो. तिथल्या अर्जात तशी चौकट असते आणि बहुतेक मुलं तिथे खूण करतात. पत्र लिहिणाऱ्याला मोकळेपणानं बरंवाईट लिहिता यावं, हा हेतू. म्हणजे आमचे चिरंजीव त्या चौकटीत खूण करणार, की 'हे पत्र बघण्याचा हक्क मी सोडतो.' आणि पत्र यांच्याच सॅकमध्ये, यांच्याच हातचं! ताकाला जाऊन भांडं लपवणं ऐकलं होतं. इथे ताक आपलंच, भांडंही आपलंच, आणि लपवायचंही स्वतःपासूनच.

आता प्राध्यापकांची बाजू. मी त्यांच्यावर एकदम तुटून पडणार नाही, कारण मीही त्याच जातकुळीतली. एकेका वर्गात साठ-सत्तर मुलं, त्यातली वीस-पंचवीस परदेशी जाणार, प्रत्येकाचे सात-आठ अर्ज. शिवाय तपासणी, पर्यवेक्षण, बैठका. वेळ कुठून आणायचा? खरं आहे. दुसरं कारण कोणी उघड बोलत नाही, ते मी बोलते. अनेकांना इंग्रजीतून असं पत्र लिहायची धास्ती वाटते. विषय उत्तम शिकवतील, पण पानभर इंग्रजी लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. मला तर फुटतोच. त्यात लाज कसली? मराठीत लिहावं, ज्याला येतं त्याच्याकडून भाषांतर करून घ्यावं, वाचून बघावं आणि सही करावी. भाषा दुसऱ्याची चालेल, पाहिलेलं आपलं असावं. आणि वेळ नसेल, मुलगा आठवतच नसेल, तर 'मला जमणार नाही' एवढं म्हणावं. त्यालाही धैर्य लागतं.

'तूच लिहून आण' यात सर्वांत मोठं नुकसान कोणाचं होतं ठाऊक आहे? ज्या मुलाच्या घरी इंग्रजी लिहिणारं कोणी नाही त्याचं. ज्याचा मामा बोस्टनला आहे, त्याचं पत्र मामा लिहितो. ज्याचे वडील सल्लागाराचे पैसे भरू शकतात, त्याचं सल्लागार लिहितो. आणि काटेमानिवलीच्या चाळीतून आलेलं, मराठी शाळेतून शिकलेलं हुशार पोर आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःची स्तुती लिहायला बसतं. त्याला स्वतःची स्तुती करायची सवयही नसते. आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये असं आपणच त्याला शिकवलेलं असतं ना! वर्गात सरांना दोघंही सारखेच दिसत होते. कदाचित हाच सरस होता. पण पत्रात दिसतं ते मुलाचं घर. हे सरांच्या लक्षात येत नाही का?

येतं. पण नाही म्हणता येत नाही. आपल्याकडे भीड नावाची एक गोष्ट आहे. 'भीड ही भिकेची बहीण' असं जुनी माणसं म्हणायची ते उगाच नाही. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून आपण सही करतो आणि त्याला चांगुलपणा म्हणतो.

हे मी कोणत्या तोंडानं सांगते, तेही ऐका. आजवर घरच्यांखेरीज कोणाला सांगितलेलं नाही.

१९९० च्या आसपासची गोष्ट. शाळेच्या संचालकांपैकी एक गृहस्थ एका तरुणाला घेऊन आले. त्यांचा दूरचा पुतण्या. एका पतसंस्थेत पिग्मी गोळा करायचं काम मिळत होतं. त्यासाठी परिसरातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची पत्रं हवी होती. पत्र टाईप करूनच आणलेलं. 'मी यांना पाच वर्षांपासून ओळखते. हे प्रामाणिक, होतकरू व निर्व्यसनी आहेत.' मी त्या मुलाला पाच मिनिटांपासून ओळखत होते! पण संचालकांना नाही कसं म्हणणार? त्यातून आपण प्रतिष्ठित व्यक्ती असल्याचं पहिल्यांदाच कळलेलं. मी सही केली. खाली बी.ए., बी.एड. असंही लिहिलं.

दीडेक वर्षानं तो मुलगा नाहीसा झाला. मला पत्ताच नव्हता. एके दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाशी एक बाई उभी होती. स्टेशनबाहेर मेथी-कोथिंबीर घेऊन बसायची, तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिनं पदराच्या गाठीतून एक लहानसं पुस्तक काढलं. रोजचे पाच रुपये ती त्या मुलाकडे द्यायची. शेवटच्या सात-साडेसात महिन्यांचे पैसे त्यानं संस्थेत भरलेच नव्हते. अकराशे रुपये. संस्थेनं हात वर केले होते. ती भांडायला आली नव्हती. म्हणाली, "बाई, तो तुमच्या पत्राची झेरॉक्स दाखवायचा. म्हटलं, बाईंची सही आहे म्हणजे पोरगा चांगला असणार."

मी चार पगारांत तिचे पैसे दिले. दोनदा ती नको म्हणाली, मग घेतले. पण त्या मुलाच्या यादीत आणखी किती जण होते, ते मी विचारायला गेले नाही. हिंमत झाली नाही. आजही भाजी घेताना कधी कधी ते पदराच्या गाठीतलं पुस्तक आठवतं.

त्यानंतर मी एक नियम केला. पाहिलं असेल तेवढंच लिहायचं, आणि स्वतः लिहायचं. काही वर्षांनी माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्सिंगच्या प्रवेशासाठी पत्र मागायला आली. मी लिहिलं की ही गणितात कच्ची आहे, दहावी दुसऱ्या खेपेला सुटली. पण टिटवाळ्याच्या सहलीत एका मुलीला फिट आली, तेव्हा आम्ही शिक्षक गोंधळलो होतो. हिनं त्या मुलीला कुशीवर वळवलं, भोवतालची गर्दी मागे हटवली आणि ती शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसून राहिली. पत्र वाचून पोरीचा चेहरा पडला. "बाई, गणिताचं कशाला लिहिलंत?" मी म्हटलं, ते लिहिलंय म्हणून पुढचं खरं वाटेल. मुलाखतीत तिला त्या सहलीबद्दलच विचारलं. आता तीच निवृत्तीला आली आहे.

भिडेखातर पत्र देण्याची आपत्ती फक्त आपल्याकडचीच, असंही नाही. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसमध्ये होते, तेव्हा अमेरिकेत जाऊ इच्छिणारे लोक त्यांच्याकडे शिफारसपत्रांसाठी रांगा लावायचे. वैतागून त्यांनी १७७७ साली एक नमुनापत्रच तयार केलं. त्याचा मथितार्थ असा, की या गृहस्थांना मी मुळीच ओळखत नाही, यांचं नावही मला ठाऊक नाही, त्यांच्या गुणांबद्दल तुम्ही त्यांनाच विचारा, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ओळखतात. अडीचशे वर्षं होत आली, पण हे पत्र आजही आपल्या निम्म्या एलओआरच्या जागी बिनदिक्कत चिकटवता येईल!

मग खरी शिफारस कशी असते? मला नेहमी कृष्णराव अर्जुन केळुसकर आठवतात. ते विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायला जायचे. तिथे एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक मुलगाही वाचत बसलेला दिसायचा. त्यांच्या शाळेचा नाही, नात्यागोत्याचा नाही, जातीचा तर नाहीच. त्यांनी आपण होऊन त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं द्यायला लागले. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे इंटरनंतर पैशांअभावी त्याचं शिक्षण अडलं, तेव्हा हेच गुरुजी त्याला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झालं आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर तो कोलंबिया विद्यापीठात पोचला. तिथून १९१६ साली लंडनला निघाला, तेव्हा त्याचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्या नावे परिचयपत्र दिलं. हा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे सांगायची गरज नाही.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. केळुसकरांनी आधी कित्येक दिवस त्या मुलाला वाचताना पाहिलं होतं, शब्द टाकायची वेळ नंतर आली. आणि त्यांनी फक्त दार उघडून दिलं, उत्तरं मुलानं स्वतः दिली. वशिला आणि शिफारस यांत हाच फरक. वशिल्यात उत्तरंही दुसऱ्यानंच दिलेली असतात.

कोणी म्हणेल, बाई, सगळ्यांना केळुसकर कुठून मिळणार? ज्याला ओळखणारं कोणीच नाही त्यानं काय करायचं? त्याचं उत्तर मला आमच्या शेजारीच सापडतं. इथून एक स्टेशन मागे कल्याण. तिथे १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. त्यांच्यासाठी पहिली शब्द टाकण्याची खटपट गोपाळरावांनी केली. १८७८ साली त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्रं पाठवली. सहानुभूतीचं उत्तर आलं, पण त्यात धर्मांतराची अपेक्षा होती. म्हणजे अटीवर मिळणारी शिफारस! तो पत्रव्यवहार मिशनऱ्यांच्या मासिकात छापला गेला. तो न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला, आणि त्यांनी ओळखदेख नसताना आनंदीबाईंना पत्र लिहिलं. नाव, गाव, काही पाहिलेलं नसताना मावशीचं नातं जुळलं. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेत पोचल्या.

तिथून जून १८८३ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतः अर्जाचं पत्र लिहिलं. वय अठरा. काय काय शिकले ते सांगितलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पूर्ण करत नाही हेही प्रांजळपणे कबूल केलं. आणि आपल्या माणसांच्या विरोधाला न जुमानता ज्या निश्चयानं मी इथवर आले, तो निश्चय माझ्या बाजूनं धरावा, अशी विनंती केली. त्यांना माझ्या देशातल्या बायकांसाठी डॉक्टर व्हायचं होतं, तेही त्यात होतं. प्रवेश मिळाला. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. पुढच्याच वर्षी गेल्या, तो भाग वेगळा आणि फार दुःखाचा.

मुलीनं स्वतःबद्दल स्वतः लिहिलं, आणि खाली सही स्वतःची केली. त्यात कमीपणा काहीच नव्हता. म्हणून म्हणते, मुलानं स्वतःबद्दल लिहायला माझी हरकत नाही. लिहावं, अगदी पानभर लिहावं. फक्त खाली नाव त्याचं असू दे.

आपल्या सरकारलाही हे उशिरा का होईना, पटलं. पूर्वी एका गुणपत्रिकेच्या प्रतीवर सही-शिक्का मारून घ्यायला राजपत्रित अधिकारी किंवा विशेष कार्यकारी अधिकारी यांच्या दारात ताटकळावं लागे. तेही कागदाकडे न बघता शिक्का मारत. २०१४ साली केंद्र सरकारनं स्वयंसाक्षांकनाचा आग्रह धरला. ज्याचा कागद, त्याची सही. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखतीही बंद केल्या, कारण त्या मुलाखतींसाठीच तर चिठ्ठ्या फिरत. सरकारला जे कळलं, ते आपल्या शिकल्यासवरल्या प्राध्यापकांना कळू नये?

अहो, आम्ही शाळावालेही काही धुतल्या तांदळाचे नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. तिथे सर्रास 'चांगली' लिहिलेलं असतं. बाकं तोडणारा, मित्राचा डबा रोज गुपचूप भरून देणारा, सगळे 'चांगले'. सगळ्यांना चांगलं म्हटलं की खऱ्या चांगल्याला सांगायला शब्दच उरत नाही. शिफारसपत्रांचं नेमकं तेच झालंय. पाच टक्क्यांच्या आत सगळा वर्ग बसलाय!

असो. नातवाचं काय झालं ते सांगते.

मी त्याला कोरे कागद दिले आणि म्हटलं, प्रत्येक सरांना तुझ्या नावानं एक टिपण लिही. त्यांच्या हाताखाली काय केलंस, कुठे अडलास, काय चुकलं, तारखांसकट. ते वाचून त्यांना तू आठवशील, मग पत्र ते लिहितील. तो तोंड वाकडं करून बसला. पण लिहायला लागल्यावर एक गोष्ट निघाली. तिसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारा त्यांचा प्रकल्प आदल्या रात्री बंद पडला. रात्रभर उघडून बसले, सकाळी एक सैल डाख सापडला, पण दुरुस्तीला वेळ उरला नव्हता. बाकीचे म्हणाले, आधीचे आकडे दाखवून वेळ मारून नेऊ. हा सरांपुढे जाऊन म्हणाला, सर, बंद आहे, आणि का बंद आहे ते मी दाखवतो. गुण कमी मिळाले.

"अरे, हे त्या तीन पत्रांत कुठेच नाही!"

"ते काय सांगायचं मामीआजी? ते तर फेल गेलं ना."

बघा! अख्ख्या मुलातली सांगण्यासारखी गोष्ट त्यालाच ठाऊक नव्हती. ती सरांनी पाहिली होती. म्हणूनच पत्र सरांनी लिहायचं असतं.

टिपणं घेऊन तो गेला. एका सरांनी ते वाचून स्वतः दहा ओळी लिहिल्या. दुसरे म्हणाले, वेळ नाही, आधीचं आण, सही करतो. तिसऱ्यांचं अजून उत्तर नाही आणि तारीख जवळ आलीय. जुनं पत्र त्याच्या सॅकमध्ये आहेच. तो ते देणार की नाही, मी विचारलेलं नाही. त्याच्या वयात मी असते तर काय केलं असतं, याची मलाही खात्री नाही.

वन्सं मात्र रागावल्यात. पंधरा दिवस फोन नाही. "पोराच्या आयुष्याचा प्रश्न आणि हिला तत्त्वं सुचतायत," असं त्या कोणाकडे तरी म्हणाल्याचं कानावर आलं. वन्सं, हे तुमच्यापर्यंत पोचेलच, म्हणून इथेच सांगते. तुमच्या नातवाचं पत्र लिहायचा मला अधिकार नाही, मी त्याला वर्गात शिकवलेलं नाही. पण आजीपणाचं लिहायचं झालं तर लिहीन. त्या टाकीच्या प्रकल्पाचंच लिहीन, माझ्या मराठीत, आणि खाली सही माझी करीन.